रविवारी उशिरा उठणारी विहीर

जमिनीखालच्या पाण्याला यापुढं आपल्यापासून काहीही लपवता येणार नाही, असं धाकटीनं घरात जाहीर केलं तेव्हा आई सगळ्यांचे मोजे जोडीनं लावत होती, बाबा वर्तमानपत्राच्या आड होते आणि आत्या धुणं भिजवत होती. तिघांपैकी एकानंही मान वर केली नाही. पण तेवढ्यानं धाकटीचा उत्साह मावळणार थोडाच! एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नैसर्गिक संसाधन विभागात तिला संशोधनाची इंटर्नशिप मिळाली होती. ओळखपत्राचा निळा पट्टा ती गळ्यातून काढायलाच तयार नसे. जेवायला बसली तरी पट्टा असायचाच. तो ताटात लोळतोय, असं आत्यानं एकदोनदा सुचवून पाहिलं आणि मग नाद सोडला.

इंटर्नशिप होती उन्हाळ्यापुरती. उन्हाळा संपला की आलेल्या उमेदवारांपैकी एकालाच वर्षभरासाठी संशोधन साहाय्यक म्हणून ठेवून घेणार आणि बाकीच्यांची प्रमाणपत्र देऊन बोळवण करणार, हे संस्थेनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाबांनीही आपल्या बाजूनं सांगून ठेवलं होतं. ठेवून घेतलं तर उत्तमच, नाहीतर काकांच्या फरशीच्या दुकानात बसायचं, माझं बोलणं झालंय. काकांच्या दुकानात फरश्या, बेसिनं आणि नळ मिळत. पाण्याचा एवढा अभ्यास करून शेवटी नळ विकायचे, ह्या विचारानंच धाकटीच्या घशाला कोरड पडायची. अर्थात ती वेळ येणारच नाही, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

संस्थेचं काम मोठं झोकात चालायचं. काचेच्या उंच इमारतीत एक अख्खा मजला ह्या विभागाचा. भिंतभर एक पडदा आणि त्या पडद्यावर दूरदूरच्या विहिरींचे आलेख, प्रत्येक विहिरीची एक रेघ. विहिरीत यंत्र सोडून ठेवलेलं असायचं आणि ते आपलं आपण पाण्याची पातळी कळवत राहायचं. विभागप्रमुख मॅडमना ह्या व्यवस्थेचा फार अभिमान. विहिरीकडे जायचे दिवस गेले, आता विहीरच आपल्याकडे येते, असं त्या प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बुटांकडे पाहिलं की ते पटायचंही.

मॅडमच्या खालोखाल एक ज्येष्ठ संशोधक होते. उमेदवारांनी त्यांचं नाव ठेवलं होतं दशांश. कारण त्यांना कुठलाही आकडा पूर्णांकात सांगवतच नसे. किती वाजले विचारलं तरी ते सेकंदासकट सांगायचे, आणि चहा कसा झालाय विचारलं तर त्याचं तापमान. माणूस मोठा सज्जन. सगळ्यांना, अगदी उमेदवारांनासुद्धा, अहोजाहो करायचे. फक्त आलेख समोर आला की त्यांना जगाचं भान राहत नसे.

धाकटीच्या वाट्याला एक नवी विहीर आली. गावाबाहेरच्या एका जुन्या, बंद पडलेल्या रोपवाटिकेतली. तिथं यंत्र सोडायचं आणि उन्हाळाभर त्या रेघेवर लक्ष ठेवून अहवाल लिहायचा. हात बसावा म्हणून प्रत्येक उमेदवाराला सरावासाठी अगदी तसंच दुसरं एक यंत्र घरी न्यायला देत. सरावाच्या यंत्राचे आकडे संगणकात एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडायचे आणि तो कप्पा कधी कोणी उघडायचं नाही. शनिवारी सकाळी घरूनच रोपवाटिकेत जायचं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी धाकटी दोन्ही यंत्रं घेऊन घरी आली. लाटण्याएवढ्या दोन चकचकीत पोलादी नळ्या, दिसायला जुळ्या बहिणी. ओळखायची खूण एकच. एकीवर 'विहीर' अशी चिठ्ठी चिकटवलेली आणि दुसरीवर 'सराव'.

इथं आईची एक सवय सांगायला हवी. घरात आलेल्या कुठल्याही वस्तूवर चिठ्ठी राहिलेली आईला खपत नसे. पेले, ताटल्या, बरण्या, चपला, जे येईल ते आधी कोमट पाण्यात जायचं आणि चिठ्ठी निघाल्याशिवाय बाहेर यायचं नाही. फ्रीज पाण्यात घालता येत नाही म्हणून त्याच्यावरची चिठ्ठी तिनं तेल लावून काढली होती. धाकटी शनिवारी सकाळी उठून पाहते तो दोन्ही नळ्या साबणानं धुऊन, पुसून, टेबलावर शेजारी शेजारी निजवलेल्या आणि चिठ्ठ्या मोरीच्या कडेला वाळत चिकटलेल्या!

धाकटीनं कपाळाला हात लावला. आई मात्र शांत. तिनं चिठ्ठ्या उचलल्या, पाठीमागे थोडी खळ लावली आणि दोन्ही नळ्यांवर दाबून बसवल्या.

"ज्याची त्याला लावलीय," ती म्हणाली.

"आई, नक्की?"

"ह्या घरातले सगळे मोजे मी जोडीनं ठेवते. कधी चुकलीय?"

आई मोज्यांत खरोखरच कधी चुकली नव्हती. नळ्यांत चुकली. चिठ्ठ्या उलट्या लागल्या, हे वाचणाऱ्याला आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण धाकटीला ते कळायला पुढं बराच उशीर आहे. संस्थेच्या गाडीतून ती थाटात रोपवाटिकेत गेली, सरावाचं यंत्र विहिरीत सोडलं आणि झाकणाला कुलूप लावून आली. दुपारी गच्चीवर चढली आणि विहिरीचं यंत्र घरच्या टाकीत सोडलं, सराव म्हणून. यंत्र बिचारं आपल्या डोक्यावर किती पाणी आहे एवढंच सांगतं. ते पाणी कुठलं, हे त्याला कोणी विचारत नाही.

सोमवारी पडद्यावर धाकटीच्या विहिरीची रेघ उमटली आणि मजल्यावरची टकटक थांबली. बाकीच्या विहिरींच्या रेघा पाटावर बसवलेल्या मुलांसारख्या निमूट आडव्या होत्या. ही एकटी नाचत होती. सकाळ झाली की पाणी धाडकन खाली, दुपारी भराभर वर, संध्याकाळी पुन्हा एक लहानसा गचका. दशांश खुर्ची सरकवून पडद्याच्या इतक्या जवळ गेले की त्यांचं नाक रेघेला लागलं. असं पाणी आपण आयुष्यात पाहिलं नाही, असं ते म्हणाले. यंत्र बिघडलं असेल, अशी शंका त्यांनी काढून पाहिली. धाकटीनं यंत्र आपण स्वतःच्या हातानं सोडलंय, ते ठणठणीत आहे, असं छातीठोक सांगितलं. आणि ते खरंच होतं. यंत्र ठणठणीतच होतं.

आठवडा उलटला आणि नवल आणखी वाढलं. रविवारी विहिरीचं पाणी सकाळी उतरलंच नाही. ते चांगलं ऊन वर आल्यावर उतरलं आणि उतरलं ते नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. घरी रविवारी बाबा उशिरा उठत, मग गाणं म्हणत तासभर आंघोळ करत आणि त्यानंतर आत्या चादरी काढायची. पण पडद्यावर ना बाबांचं गाणं ऐकू येत होतं, ना आत्याच्या चादरी दिसत होत्या.

धाकटीनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीचं दार वाजवून सिद्धांत मांडला. सकाळी शहर जागं होतं, रस्त्यांवर गाड्यांची गर्दी होते, त्या भारानं खालचा खडक दबतो आणि पाणी खाली जातं. दुपारी रस्ते मोकळे होतात, खडक अंग सैल सोडतो, पाणी वर येतं. रविवारी माणसं उशिरा उठतात म्हणून खडकही उशिरा दबतो. आणि रविवारी दुपारी सगळे एकदम फिरायला बाहेर पडतात, म्हणून जास्त दबतो.

मॅडम कितीतरी वेळ खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. दशांशांनी कागदावर एक लांबलचक गणित मांडलं. ते जुळेना, तेव्हा त्यांनी गाड्यांचं वजन थोडं वाढवलं, आणि जुळलं! संध्याकाळपर्यंत त्याला 'खडकाचं श्वसन' असं नावही पडलं. एकदा विहिरीवर जाऊन यावं का, असं दशांशांनी भीत भीत विचारलं होतं, पण मॅडमनी नको म्हणून मान हलवली. गाडी घेऊन तिथं गेलो तर आपल्याच भारानं खडक दबेल आणि श्वसनात बिघाड होईल. हा मुद्दा इतका शास्त्रीय होता की दशांशांनी तो टिपून घेतला.

त्या दिवसापासून धाकटीचं चालणंच बदललं. बाकीचे उमेदवार आपल्या आडव्या रेघांसमोर जांभया देत बसलेले, आणि ही मॅडमच्या खोलीत चहा पीत. वर्षभराची जागा कोणाला मिळणार, हे आता कोणी विचारतसुद्धा नव्हतं. घरी तिनं बाबांना सांगितलं, काकांना कळवून टाका, दुसरं माणूस बघा म्हणावं. बाबा म्हणाले, हातात कागद येऊ दे, मग कळवतो. बाबांचा स्वभावच तसा. पाऊस पडून गेल्यावरसुद्धा छत्री मिटण्याआधी ते हात बाहेर काढून बघत.

मग थोरली माहेरी आली. थोरली म्हणजे धाकटीची मोठी बहीण. बरोबर नवरा आणि दोन जुळी पोरं. पोरांना न्हाणीघरात सोडलं की ती माशासारखी तिथंच राहत. थोरली केस धुवायची ते दोन वेळा. जावईबापू शिष्ट, ते पेला घ्यायच्या आधी विसळत आणि पिऊन झाल्यावर पुन्हा विसळत. आत्याचं धुणं तिप्पट झालं. त्यातच पाण्याची मोटर रुसली आणि व्हायचं तेच झालं. मंगळवारी टाकी कोरडी ठणठणीत.

त्याच दिवशी दुपार कलताना पडद्यावरची रेघ तळाला जाऊन पडली ती उठेचना. मॅडमनी मुख्य कार्यालयाला तातडीचा संदेश पाठवला, की श्वास घेणारी विहीर आटली असून आसपासच्या सगळ्या भूजलाला धोका संभवतो. दशांशांचे डोळे ओलावले होते. धाकटी संध्याकाळी जड पावलांनी घरी आली, तर दारातच गोंधळ. जुळी साबण लावून तशीच उभी, आत्या कळशी घेऊन शेजारच्यांकडे निघालेली आणि थोरली डोक्याला फेस बांधून बसलेली.

"टाकीत थेंब नाही," आत्या म्हणाली. "वर चढून तेवढं बघतेस का?"

धाकटीनं तिच्याकडे फार दुःखानं पाहिलं.

"आत्या, तुम्हाला एका टाकीचं पडलंय. तिकडे एक विहीर मेली आज."

थोरलीनं फेसातून एक डोळा उघडला. "मग तुझ्या विहिरीच्या दहाव्याला तरी मला केस धुऊन येता येईल का, ते बघ," ती म्हणाली आणि डोळा मिटला.

बाबांनी मोटर दुरुस्त करून घेतली आणि लगे हात प्लंबरकडून टाकीतला पाणी बंद करणारा गोळाही बदलून घेतला. नवा गोळा अडकून बसला. दुसऱ्या दिवशी सगळे थोरलीला पोचवायला गेले असताना टाकी दिवसभर भरून वाहत होती, गच्चीवरून जिन्यात आणि जिन्यातून अंगणात. पडद्यावर विहीर मेल्याच्या दुसऱ्याच दिवशी काठोकाठ भरली! पावसाचा थेंब नसताना! दशांशांनी खुर्चीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या. मुख्य कार्यालयातून निरोप आला, की संचालक स्वतः येत आहेत आणि हे श्वसन त्यांना डोळ्यांनी पाहायचं आहे.

संचालक म्हणजे संस्थेतले सगळ्यात वडीलधारे गृहस्थ. उमेदवारांपैकी कोणाला ठेवायचं, त्यावर शेवटची सही त्यांचीच. बैठक सकाळी ठेवली, ऐन पाणी उतरण्याच्या वेळेला. एरवी यंत्र दर पाच मिनिटांनी आकडा पाठवायचं. दशांशांनी त्या दिवसापुरता तो क्षणाक्षणाला येईल अशी सोय केली, म्हणजे श्वास कसा समोर दिसेल. सादरीकरण धाकटीनं करायचं ठरलं. बैठकीत बाकी सगळ्यांचे फोन बंद करायला लावले, धाकटीचा तेवढा चालू ठेवला, कारण विहिरीबद्दलची धोक्याची सूचना त्याच फोनवर यायची.

सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत संचालक, त्यांच्या शेजारी मॅडम, आज नव्या कोऱ्या पांढऱ्या बुटांत. धाकटी उभी राहिली आणि असं बोलली, असं बोलली, की स्वतःचं बोलणं ऐकून तिलाच भरून आलं. खडक कसा दबतो, कसा सुस्कारा सोडतो, हे तिनं हातांनी करून दाखवलं. मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, आता काही मिनिटांतच आपल्यासमोर पाणी उतरायला लागेल. आणि रेघ खरोखर हळूहळू उतरू लागली. घरी बाबा आंघोळीला गेले होते. संचालकांनी समाधानानं मान डोलावली.

तेवढ्यात फोन थरथरला. धोक्याची सूचना असणार, म्हणून धाकटीनं झटकन कानाला लावला. आई होती.

"अगं, टाकी धुवायला माणूस आलाय. तुझी ती नळी मध्ये येतेय. बाहेर काढू का?"

"काढ," धाकटी तोंडावर हात धरून पुटपुटली.

पडद्यावरची रेघ कड्यावरून पाय घसरावा तशी थेट शून्यावर आली. सभागृहात एकच कुजबुज उठली. दशांश ताडकन उभे राहिले. मॅडमनी संचालकांच्या बाहीला हात घातला.

"काढली," आई फोनवर सांगत होती. "आता ही ठेवू कुठं? वाळली तर बिघडेल का?"

"बादलीत ठेव. पाण्यात." धाकटीचं लक्ष पडद्याकडे होतं.

रेघ शून्यावरून उठली, वीतभर वर आली आणि तिथंच सपाट झाली. अगदी बादलीएवढी.

धाकटीच्या कानात काहीतरी गुणगुणायला लागलं. पडद्यावरची नजर न काढता ती फोनमध्ये हळूच म्हणाली, "आई, बाहेर काढ."

रेघ खाली गेली.

"आत टाक."

रेघ वर आली.

"काढ... टाक... परत काढ."

खाली, वर, खाली. शेकडो पावसाळे पाहिलेली विहीर एका मुलीच्या शब्दाबरोबर उठत होती, बसत होती. सभागृहात कोणी श्वास घेत नव्हतं. आतापर्यंत खडकच काय तो घेत होता, तोही थांबला. संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हात जोडल्यासारखे करून त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही... विहिरीशी बोलता?"

आता धाकटीला सगळं कळलं होतं. आईनं लावलेल्या चिठ्ठ्या, रविवार, थोरली, जुळी, गोळा, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि तिला हेही कळलं होतं, की फोन बंद करून नुसतं हसलं तरी वर्षभराची जागा आपली आहे. समोर एवढा मोठा माणूस हात जोडून बसलाय. एका बाजूला ही जागा, दुसऱ्या बाजूला काकांचं दुकान, आणि मध्ये ती एकटी. तिनं देवाचं नाव घेतलं. देवानं उत्तर आईच्या आवाजात दिलं आणि त्या शांततेत ते पहिल्या दोन रांगांना लख्ख ऐकू गेलं.

"अगं काढू का टाकू, एकदा काय ते सांग. हात भरून आला माझा."

धाकटीनं फोन खाली घेतला.

"विहिरीशी नाही, सर," ती म्हणाली. "आईशी."

कोणाला आधी काहीच उमगलं नाही. मग तिनंच सांगितलं. तिचं एक होतं, गप्प बसायचं नाही म्हटल्यावर ती अर्धवट बोलत नसे. ज्या ठसक्यात तिनं खडकाचं श्वसन सांगितलं होतं, त्याच ठसक्यात तिनं अख्खा आलेख पहिल्यापासून पुन्हा समजावला. हा सकाळचा उतार म्हणजे आमचे बाबा, गाणं लांबलं की उतार लांबतो. ही खोल दरी म्हणजे आत्या, रविवारी चादरी. हा दुहेरी गचका जुळ्यांचा. हे बारीक बारीक दाते दिसतात, ते जावईबापू पेला विसळतात. इथं विहीर मेली, म्हणजे मोटर रुसली. आणि इथं भरून वाहिली, तो प्लंबर. एकही रेघ तिनं शिल्लक ठेवली नाही.

मॅडम आपल्या बुटांकडे पाहत होत्या. दशांशांनी संगणकातला सरावाचा कप्पा उघडला. आत रोपवाटिकेतली खरी विहीर होती. तिची रेघ पट्टी ठेवून आखावी तशी सरळ. उन्हाळाभर तिथलं पाणी काठी बुडवून ठेवावी तेवढंसुद्धा हललं नव्हतं. विहीर ठणठणीत होती, पाणी भरपूर होतं, काळजीचं काही कारण नव्हतं. एवढी चांगली बातमी इतक्या पडलेल्या चेहऱ्यांनी त्या सभागृहात कधी ऐकली गेली नसेल.

पहिल्यांदा हसले ते संचालक. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. सगळं शांत झाल्यावर त्यांनी जे सांगितलं, ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जमिनीखाली पाणी किती आहे हे संस्था मोजत आली, पण वर आल्यावर घराघरात ते कसं जातं, याची एवढी बारीक आणि साक्षीदारासकट माहिती आपल्याकडे कुठंच नाही, असं ते म्हणाले. यंत्र टाकीतच राहू द्या. एक वर्ष ठेवून घ्या ह्या मुलीला. विषय, घरगुती पाणीवापर. मार्गदर्शक म्हणून त्यांनी दशांशांकडे बोट दाखवलं. दशांशांनी तिथल्या तिथं गाड्यांचं वजन खोडून बाबांचं वजन लिहून घेतलं.

धाकटी घरी आली ती उडत. नेमणुकीचं सांगितलं, तशी आईनं देवापुढं दिवा लावला, आत्यानं तोंडावरून हात फिरवला आणि बाबांनी लगेच काकांना फोन करून अभिमानानं सांगितलं, की पोरगी संशोधक झाली. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, विषय काय?

धाकटीनं विषय सांगितला. यंत्र कुठं आहे तेही सांगितलं. पुढं वर्षभर ही रेघ संस्थेच्या सगळ्या कार्यालयांत, निरनिराळ्या देशांत, भिंतभर दिसत राहणार आहे, हेही मोठ्या उमेदीनं सांगितलं. बाबांच्या आंघोळीला तिथं 'सकाळचा मुख्य उतार' म्हणतात आणि आत्याच्या धुण्याला 'साप्ताहिक ऱ्हास'. बाबांनी मुकाट्यानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आत्या पदर सावरून बसली, जणू कोणी खिडकीतून बघतंय.

"सगळ्या देशांत?" आईनं विचारलं.

"सगळ्या."

आईनं एकदा वर गच्चीकडे पाहिलं आणि मोरीतला नळ घट्ट बंद केला.

दोन दिवसांनी सकाळी दशांशांचा फोन आला. आवाजात काळजी होती. कालपासून रेघ जागची हललेली नाही, रोपवाटिकेतल्या विहिरीपेक्षाही सरळ आहे, यंत्र अडकलं की काय, असं ते विचारत होते. शिवाय घरी सगळ्यांची तब्येत बरी आहे ना?

धाकटीनं फोन कानाला धरूनच घरात नजर फिरवली. आई ओल्या फडक्यानं ताटल्या पुसत होती आणि तेच फडकं पिळून पुन्हा वापरत होती. आत्या कालचेच कपडे झटकून, उलटे करून घड्या घालत होती. तेवढ्यात शेजारच्यांच्या न्हाणीघरातून ओळखीचं गाणं ऐकू आलं. चांगलं लांबलेलं.

धाकटीनं घसा साफ केला.

"यंत्र उत्तम आहे, सर," ती ठामपणे म्हणाली. "मुख्य उतार तेवढा शेजारी गेलाय."